हलका हात

आमोण्याच्या चढावर, जिथून मांडवीचं पात्र आणि त्यातून खनिज नेणाऱ्या बार्जी दिसतात, तिथं कमलाक्षी आणि जयराम यांचं घर आहे. जयराम खाण कंपनीच्या जेटीवर इंजिनिअर असताना त्यानंच ते बांधलं. पुढे बाल्कांव, म्हणजे बसायची ओसरी, आत मोठा हॉल, आणि हॉलला लागून झोपायची खोली. कमलाक्षी डिचोलीच्या शाळेत विज्ञान शिकवायची. दोघंही निवृत्त झाली, मुलगी गौरवी लग्न होऊन मेलबर्नला गेली, आणि घरात बोलायला दोन माणसं उरली.

जयरामला पियानोचा नाद लागला तो कंपनीच्या गेस्टहाऊसमध्ये. तिथं एक जुना पियानो होता आणि संध्याकाळी करण्यासारखं दुसरं काही नव्हतं. निवृत्त झाल्यावर त्यानं घरी डिजिटल पियानो आणवला, तोही आपला आपण वाजणारा. एकदा वाजवलेलं तो लक्षात ठेवायचा, आणि बटण दाबलं की पट्ट्या खाली-वर होत तेच पुन्हा वाजायचं. सकाळी पाव घेऊन येणारा पोदेर सायकल उभी करून जनेलाच्या गजांमधून बघत राहायचा. "कोण बसूंक ना, आनी वाजता मरे!" म्हणायचा आणि हसत पुढे जायचा.

जयरामनं कमलाक्षीलाही शिकवायचा प्रयत्न केला होता. पाच बोटं, पाच सूर. सा रे ग म प, आणि तसंच परत. 'म' वर तिचं करंगळीशेजारचं बोट हटकून अडखळायचं. काही आठवडे तिनं नेटानं केलं, मग म्हणाली, "माझ्याकडून नाही व्हायचं. तुम्ही वाजवा, मी ऐकते."

त्यानंतरच्या पावसाळ्यात जयराम न्हाणीघरात पडला. मेंदूत रक्त साचलं होतं. जीव वाचला, पण मानेखाली काही हलेना आणि तोंडातून शब्द फुटेना. डोळे उघडे असायचे. त्याला ऐकू येतं का, कळतं का, हे डॉक्टरांनाही ठामपणे सांगता येत नव्हतं. "बोलत राहा त्यांच्याशी," एवढंच ते म्हणाले.

कमलाक्षी बोलत राहिली. दोडामार्गची देवकी सकाळी यायची, त्याला पुसायची, कूस बदलायची, नळीतून भरवायची आणि दुपारच्या बसनं परत जायची. ती गेली की घर कमलाक्षीच्या अंगावर यायचं. सुरुवातीला ती जयरामला सगळं सांगायची. शेजारच्यांनी गाडी घेतली, आज बांगडे मिळाले नाहीत, गौरवीच्या मुलाला दात आला. पण उत्तर नसलेलं बोलणं किती दिवस चालणार? हळूहळू वाक्यं तुटक झाली. मग कधी कधी सबंध दुपार एकही शब्द न बोलता जायची, आणि मोपाच्या विमानतळावर उतरणारं विमान डोक्यावरून गेलं की तिला वाटायचं, चला, कुठंतरी कोणीतरी आहे.

एक गोष्ट मात्र तिनं चुकवली नाही. रोज दुपारी ती पियानोचं बटण दाबायची आणि जयरामनं पूर्वी वाजवून ठेवलेलं त्याला ऐकवायची. अडचण एवढीच की पियानो हॉलमध्ये होता आणि भिंतीआड आवाज बसका यायचा. आवाज वाढवला तर शेजाऱ्यांची झोप मोडायची. पियानो आत आणावा तर दारातून जाईना.

तेव्हा तिला माळ्यावरचा कीबोर्ड आठवला. शाळेत प्रार्थनेला वाजवायचा जुना कीबोर्ड. नवीन आल्यावर तिनं तो घरी आणला होता. त्याच्या मागं गोल, पाच छिद्रांची खाच होती. पियानोच्या मागंही तशीच होती. तिनं दोन्हींची माहितीपुस्तकं वाचून काढली आणि तुषारला फोन केला. तुषार तिचा जुना विद्यार्थी. नाटकांना कीबोर्ड वाजवायचा आणि डिचोलीत वाद्यं दुरुस्त करायचा.

"सोपं आहे, टीचर," तुषार म्हणाला. "पियानोच्या आउटमधून काढायची आणि कीबोर्डच्या इनमध्ये घालायची. मिडीची वायर."

"एवढ्या लांबून आवाज नीट येईल?"

"आवाज जातच नाही तिच्यातून. नुसता निरोप जातो. कुठली पट्टी, किती जोरात, कधी सोडली. मग कीबोर्ड तो निरोप वाचून आपल्या आवाजात वाजवतो."

त्यानं म्हापशाहून लांब वायर आणली आणि भिंतीच्या कडेनं नेऊन खोलीत सोडली. कीबोर्ड जयरामच्या उशाशी एका मेजावर ठेवला. दारातून पियानोच्या पट्ट्या दिसाव्यात म्हणून कमलाक्षीनं खाट फिरवून घेतली. स्वतःसाठी खाटेजवळ स्टूल ठेवलं. त्यावर बसलं की तोंड जयरामकडे आणि पाठ हॉलकडे व्हायची.

पहिल्या दिवशी तिनं पियानोचा स्वतःचा आवाज बंद केला आणि बटण दाबलं. हॉलमध्ये पट्ट्या मुक्यानं खाली-वर होऊ लागल्या आणि सूर जयरामच्या उशाशी उमटले. ऑर्गनसारखे, जुन्या कीबोर्डचे जरा नाकातले सूर. पण हात जयरामचाच होता. त्याची ती घाई, शेवटचा सूर लांबवायची खोड. कमलाक्षी स्टुलावर बसून ढसाढसा रडली, आणि बऱ्याच दिवसांनी तिला बरं वाटलं.

पुढच्या वर्षीची दिवाळी होऊन गेल्यावर एका दुपारी रेकॉर्डिंग संपलं होतं. कमलाक्षी स्टुलावर बसून नीरफणसाच्या फोडी करत होती. तेवढ्यात कीबोर्डमधून एक सूर आला. एकच. नंतर जरा थांबून दुसरा.

तिनं मागं वळून पाहिलं. हॉल रिकामा होता, पट्ट्या जागच्या जागी. बाल्कांवाचं दार आतून लावलेलं.

दुसऱ्या दिवशीही तसंच झालं. तिसऱ्या दिवशी तिनं तुषारला बोलावलं. त्यानं पियानोचं खालचं फळकूट काढलं, आतली धूळ झटकली, वायरी तपासल्या.

"बिघाड काही नाही, टीचर," तो शेवटी म्हणाला. "कसं होतं, पट्टी अगदी हलक्या हातानं दाबली ना, तर तिचा जोर म्हणजे जवळजवळ काहीच नाही. एरवी पियानोचा आवाज चालू असता तरी आपल्याला ऐकू आलं नसतं. पण निरोप जातो. आणि तुमच्या ह्या कीबोर्डला हळू नि जोरात कळत नाही, तो सगळं सारखंच वाजवतो."

"म्हणजे पट्टी कोणीतरी दाबावी लागते."

"मांजर आहे घरात?"

"नाही."

तुषारनं स्क्रू परत बसवले. "दमट हवा असेल. फारच त्रास झाला तर वायर काढून टाका."

कमलाक्षीनं वायर काढली नाही. का काढली नाही, हे तिला कोणी विचारलं असतं तर तिनं काहीतरी शास्त्रीय कारण दिलं असतं. खरं कारण एवढंच होतं की तिनं स्वतः केला नाही असा एखादा आवाज त्या घरात फार दिवसांनी झाला होता.

हळूहळू सुरांना वळण आलं. सा रे ग म प. परत प म ग रे सा. 'म' अडखळत यायचा. उशिरानं, किंवा दोनदा. शिकाऊ माणसाचा हात. ते ऐकताना एकदा तिची नजर जयरामकडे गेली आणि ती दचकली. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. नजर दाराकडे, पियानोवर खिळलेली.

कमलाक्षी पस्तीस वर्षं विज्ञान शिकवलेली बाई. भुताखेताच्या गोष्टी करणाऱ्या पोरांना तिनं बाकावर उभं केलेलं. पण त्या क्षणी तिच्या मनात जे आलं त्यात तिला अशास्त्रीय काही वाटलं नाही. हाच तो. हात गेले, वाचा गेली, पण आत माणूस जागा आहे आणि तो पुन्हा पहिल्यापासून, लहान मुलासारखा, पाच सुरांपासून सुरू करतो आहे. कसं, ते नंतर बघू.

"अहो," तिनं विचारलं, "तुम्हीच ना? होय असेल तर एकदा वाजवा. नसेल तर दोनदा."

मग एक सूर.

तिनं परीक्षाही घेतली. पाच अधिक सात? कीबोर्डनं बारा सूर मोजून दिले. गौरवीचा जन्म मंगळवारचा? एक. बुधवारचा? दोन. तिला हसू आवरेना. मग परसातल्या पंपाचा व्हॉल्व्ह त्यानं नेमका कुठं पुरला होता, ते विचारलं. ते तिला कधीच ठाऊक नव्हतं. चिकूखाली? उत्तर नाही. विहिरीशी? उत्तर नाही. थकला असेल, असं म्हणून तिनं विषय सोडला.

त्यानंतरचे महिने तिच्या आयुष्यातले बरे दिवस होते. देवकी गेली की ती चहा घेऊन स्टुलावर बसायची आणि बोलायची. विचारायची, थांबायची, उत्तर घ्यायची. चाळीस वर्षांत न बोललेलं बोलली. लग्नानंतर आपल्याला माहेरी पळून जावंसं वाटायचं, हेही सांगितलं. एक सूर आला, म्हणजे ठाऊक आहे. गौरवीला ती यातलं काही सांगायची नाही. आई एकटी पडून भ्रमिष्ट झाली, असंच तिला वाटलं असतं.

जयराम मात्र वाळत चालला होता. कंबरेला जखम झाली, ती भरेना. सूर वाजले की त्याच्या डोळ्यांतून धार लागायची आणि कमलाक्षी पदरानं ती पुसायची.

एका दुपारी, उन्हाळा वाढत असताना, ड्रेसिंग करून ती स्टुलावर टेकली. तिचीही कंबर धरली होती.

"कंटाळलात?" तिनं विचारलं.

एक.

"परत हॉस्पिटलात जायची वेळ आली तर जायचं?"

दोन.

पुढचा प्रश्न विचारायला तिला फार वेळ लागला. "सुटायचंय तुम्हाला..." एवढंच ती म्हणाली, आणि वाक्य पुरं व्हायच्या आत सूर वाजला. एक. स्वच्छ.

त्या दिवशी तिनं त्याच्या छातीवर डोकं ठेवलं आणि सांगितलं, "ठीक आहे. मी कोणाला काही करू देणार नाही."

पंधरवड्यानं जयरामला ताप भरला. छातीत घरघर सुरू झाली. कमलाक्षीनं तापाची गोळी कुटून नळीतून दिली, कपाळावर ओलं फडकं ठेवलं आणि त्याचा हात धरून बसली. सकाळी देवकी आली आणि दारातच थबकली.

"बाय, साहेबांचा आंग नुसता भाजता. गाडी बोलवा."

"त्यांना जायचं नाही, देवकी."

"कोणी सांगल्यान?"

"त्यांनीच."

देवकीनं तिच्याकडे पाहिलं, मग जयरामकडे. जयरामचे डोळे तारवटलेले होते आणि ते देवकीला सोडत नव्हते. "बाय, दोन वर्षां झाली, साहेबांच्या तोंडातसून शब्द नाय. ह्या डोळ्यांका बघा. ह्यो माणूस जावूक तयार आसा, असा दिसता तुमका?"

कमलाक्षीनं कीबोर्डकडे बोट दाखवलं आणि सांगायला तोंड उघडलं. पण देवकीनं ते ऐकायच्या आधीच फोन काढून रुग्णवाहिका बोलावली होती.

बांबोळीच्या हॉस्पिटलात पोचेपर्यंत जयरामचे ओठ निळे पडले होते. तरुण डॉक्टर बाहेर आला. निमोनिया आहे, म्हणाला. श्वासनलिकेत नळी घालून मशीनवर ठेवलं तर वाचण्याची शक्यता आहे. नाहीतर संध्याकाळपर्यंतही सांगता येत नाही. तुमची संमती हवी.

"त्यांची इच्छा नाही," कमलाक्षी म्हणाली.

"त्यांनी तसं कधी बोलून दाखवलं होतं?"

"हो."

डॉक्टरनं घड्याळ पाहिलं. "थोडा विचार करा," म्हणाला. "पण फार उशीर करू नका."

देवकीला बाहेर बाकावर बसवून कमलाक्षी गाडी करून घरी निघाली. कपडे आणायचे होते. खरं म्हणजे तिला तिथं बसवत नव्हतं.

घर उघडलं तेव्हा भरदुपार होती. खाटेवरची चादर ओढलेली, उशी जमिनीवर पडलेली. कीबोर्डचा लाल दिवा जळत होता. गडबडीत तो बंद करायचा राहिला होता. तिनं कपाटातून दोन लुंग्या काढल्या, टॉवेल काढला. मग ती स्टुलावर बसली. रिकाम्या खाटेकडे तोंड करून.

सा रे ग.

तिचा हात टॉवेलवर तसाच राहिला.

'म' उशिरानं आला, अडखळत. मग प.

खाट रिकामी होती. जयराम बांबोळीला होता.

तिनं आयुष्यात कधी नवऱ्याला नावानं हाक मारली नव्हती. आता मारली. "जयराम?"

दोन सूर.

"मग हे सगळे महिने..." तिला एकदम ते डोळे आठवले. सूर वाजले की भरून येणारे, दाराकडे लागलेले. आपण पदरानं पुसलेले. "नळी घालायला सांगू ना मी त्यांना?"

दोन. लगेच.

"सांगू ना?"

दोन.

ती वळली.

पियानोसमोरचा बाक रिकामा होता. हॉलमध्ये ऊन पडलं होतं. पियानोच्या पांढऱ्या पट्ट्यांतली एक पट्टी खाली दबलेली होती. तिच्या देखत ती हळूच वर आली, जसं कोणी बोट काढून घ्यावं तशी.

कपडे तिथंच पडले. दार लावलं की नाही, हेही तिला आठवत नाही. रस्त्यावर पोचल्यावर तिनं देवकीला फोन केला. "डॉक्टरना सांग, घाला. काय घालायचं ते घाला. मी सही करायला येते."

जयराम वाचला. मशीनवर बरेच दिवस गेले, पण वाचला. त्याच वॉर्डात श्रद्धा नावाची वाचा-उपचार करणारी मुलगी यायची. तिनं एक दिवस त्याच्यासमोर वाकून हळू आवाजात सांगितलं, "काका, होय म्हणायचं असेल तर डोळे एकदा मिटा. नाही असेल तर दोनदा." जयरामनं डोळे एकदा मिटले. श्रद्धानं विचारलं, तुमचं नाव सगुण? दोनदा. जयराम? एकदा, घट्ट. देवकी रडायला लागली. कमलाक्षी भिंतीला टेकून उभी राहिली. हीच खूण, तेच नियम. इतके महिने तिला त्याला हे विचारता आलं असतं. तिनं त्याच्या डोळ्यांकडे कधी बघितलंच नव्हतं. ती कीबोर्ड ऐकत होती.

हॉस्पिटलातून सोडल्यावर तिनं त्याला आमोण्याला नेलं नाही. इब्रामपूरला तिची बहीण विनिता राहायची. तिनं ओसरीकडची खोली रिकामी करून दिली. गौरवीला सांगितलं, घराची डागडुजी चालू आहे. तुषारला फोन करून किल्ली शेजाऱ्यांकडे आहे म्हणून सांगितलं, आणि पियानो हवा तर फुकट घेऊन जा म्हणाली. त्यानं नंतर बघतो म्हटलं. अजून नेलेला नाही.

इब्रामपूरची हवा जयरामला मानवली. काजूचे दिवस संपत आले होते आणि बागेतून गळलेल्या बोंडांचा आंबूस वास यायचा. कमलाक्षी त्याला रोज प्रश्न विचारायची. पेज हवी? ऊन लागतं? गौरवीशी बोलायचं? तो डोळे मिटून सांगायचा. कधी चिडायचा, कधी तिला हसावंसं वाटेल असं काही सांगायचा. एक विषय मात्र ती टाळत होती.

तो तिनं एका दुपारी काढला. विनिता बागेत गेली होती. कमलाक्षी खाटेच्या कडेवर बसली, त्याच्या हातावर हात ठेवला.

"तुम्हाला सुटायचं होतं?"

त्यानं डोळे दोनदा मिटले.

"माफ करा मला," ती म्हणाली. त्यानं एकदा मिटले. तिनं नाक पुसलं. "वाजवत होतात ते तुम्ही नव्हतात?"

दोनदा.

"कोणी बसायचं तिथं? पियानोच्या बाकावर? तुम्हाला दिसायचं?"

एकदा.

तिनं ओसरीकडे एकदा पाहिलं. ऊन होतं, कोंबड्या चरत होत्या. "रोज?"

एकदा.

"पुरुष होता?"

दोनदा.

"बाई."

एकदा.

"मेलेली कोणी? तुमची आई? माझी?"

दोनदा. दोनदा. दोनदा.

"म्हणजे जिवंत बाई. आपल्या ओळखीची?"

यावर तो तिच्याकडे बराच वेळ बघत राहिला. मग सावकाश, एकदा.

कमलाक्षीला एकीकडे हायसंही वाटलं. जिवंत माणसाला नाव असतं, घर असतं. जाऊन विचारता येतं. "देवकी?" दोनदा. "विनिता?" दोनदा. "गौरवी? ती तर इथं नव्हतीच." दोनदा. तिनं शेजारणींची नावं घेतली, शाळेतल्या बायकांची घेतली, दूध घालणारीचंही घेतलं. प्रत्येक नावाला तो डोळे दोनदा मिटत गेला. नावं संपली.

"मग आता राहिलं कोण?" ती थकून, जराशी हसून म्हणाली.

या वेळी त्यानं डोळे मिटले नाहीत. तो नुसता तिच्याकडे बघत होता.

थकला, असं तिला वाटलं. ती थांबली. तो बघतच होता.

तिच्या तळव्याखाली काहीतरी हललं. तिनं खाली पाहिलं. इतक्या दिवसांत न हललेलं त्याचं बोट हलत होतं. थरथरत, रेटून, एक एक दोऱ्याएवढं सरकत ते तिच्या हाताखालून बाहेर निघून तिच्याकडेच वळायला बघत होतं.